सुयांचं म्यान

पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं, आणि चंद्रहासरावांनी सवयीप्रमाणे आधी त्यातल्या चुकाच काढल्या. वळिवड्याचं स्पेलिंग चुकलं होतं, एका ठिकाणी नको तिथे स्वल्पविराम पडला होता. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून दोन्ही दुरुस्त केलं, समासात खूण केली आणि मग पत्र पुन्हा वरून वाचायला घेतलं, या खेपेला अर्थासाठी. चौतीस वर्षं कोल्हापूरच्या छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस दुसरं कसं वाचणार?

अर्थ असा होता: मी, खाली सही करणारा, माहितीप्रमाणे खरं सांगतो की सोबतचं पोलिश लष्करी पिस्तूल, सन १९३७, आणि त्याचं चामडी म्यान, या दोन्ही वस्तू वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीतल्या एका कॅप्टनच्या विधवेने १९४८ साली माझ्या वडिलांना भेट दिल्या आणि तेव्हापासून त्या आमच्या घराण्यात आहेत.

खाली रेघ होती. रेघेखाली त्यांचं नाव.

"फक्त सही करा, बाबा," ओट्यापाशी कॉफी करत असलेला गंधार म्हणाला. "तारीख मी घालतो. युअर मॅन उद्या अकराला येतोय."

युअर मॅन, म्हणजे डब्लिनच्या बोलीत 'तो माणूस', हा लेशेक नावाचा पोलिश गृहस्थ. शहराच्या क्लोनडॉकिन भागात त्याचं गॅरेज होतं आणि जुनी पोलिश हत्यारं जमवणाऱ्यांत त्याचा शब्द चालत असे, एवढं चंद्रहासरावांच्या कानावर आलं होतं. गंधारही या नादात तीन-चार वर्षांपूर्वी पडला. दिवसभर सॉफ्टवेअर, संध्याकाळी जुन्या पदकांचे आणि संगिनींचे फोटो. हे पिस्तूल त्याने उन्हाळ्यात बेल्जियमच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलं होतं. नळीत पोलादी कांडी ठोकून ते कायमचं निकामी केलेलं होतं, गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, परवानगीचा कागद रीतसर फाइलला होता. सरकत्या भागावर गरुड कोरलेला. त्यामुळे पिस्तूल खरंच होतं. पण ते वळिवड्याला कधी गेलं नव्हतं, आणि चंद्रहासरावांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, ते कधी पाहिलंही नव्हतं.

"पण पिस्तूल तर तू..."

"बाबा, ऐका. पिस्तूल खरं आहे? आहे. म्यान खरं आहे? आहे. वांडाबाई खरी होती? होती. मग तिन्ही एकत्र आणली तर बिघडलं काय? सगळे हेच करतात. नुसतं पिस्तूल कपाटात पडतं. त्याला गोष्ट असली की लोक त्याच्यासाठी रांग लावतात."

चंद्रहासरावांना पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, "बघतो."

आणि पत्र घेऊन आपल्या खोलीत आले. पलंगावर बसल्यावर त्यांचे कान तापले. बघतो काय, बघतो? शेजाऱ्याने कंपाउंड आपल्या अंगणात सरकवलं तेव्हा बघतो, मालकाने पेन्शनचे कागद अडवले तेव्हा बघतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात हा एक शब्द त्यांनी इतका झिजवला होता की आता त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ झाला होता. त्याचा अर्थ होता, हो.

म्यान त्यांनी स्वतःच इथे आणलं होतं, हे जास्त झोंबत होतं. फेब्रुवारीत निघताना गंधारचा फोन आला, "येताना तात्यांचं म्यान आणा, घरातलं काहीतरी जवळ असावंसं वाटतं." चंद्रहासराव तेव्हा केवढे हरखले होते. पोराला आजोबांची आठवण आहे, असं त्यांनी शेजारीपाजारी दोघातिघांना सांगितलंही. सहा महिन्यांसाठी ते डब्लिनजवळच्या ल्यूकनला मुलाकडे आले, मग करोनात विमानं बंद झाली, आणि आता ऑक्टोबर उजाडला होता. बुधवारपासून पुन्हा सगळं कडेकोट, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. रविवारी दसरा होता. म्यान घराबाहेर राहिलेला हा पहिला दसरा, पण निदान आपल्यापाशी तरी आहे, असं ते दोन दिवस मनाला समजावत होते.

वांडाबाईंचा नवरा पोलंडच्या फौजेत कॅप्टन होता. लढाईवर जाताना त्याला नवं म्यान मिळालं, जुनं घरी खुंटीवर राहिलं. तो परतला नाही. पुढे रशियन शिपाई दारात आले आणि अर्ध्या तासात निघा म्हणाले, तेव्हा बाईंनी खुंटीवरचं म्यान काढून त्यात सुया, दोरा आणि कात्री घातली. सैबेरियात त्या सुयांवर तिने दोन मुलं जगवली. शिवून द्यायचं आणि पाव घ्यायचा. इराण, कराची करत ती वळिवड्याच्या छावणीत पोचली तेव्हा तात्या तिथे कोठीवर कारकून होते. त्यांनी तिला नियमाबाहेर दोऱ्याची रिळं मिळवून दिली, वर्षानुवर्षं. छावणी उठली तेव्हा सुया तिने नेल्या आणि म्यान तात्यांच्या हातात ठेवलं. पाच-सहा वर्षांच्या चंद्रहासला तिचे वाळल्या गवताच्या रंगाचे केस आठवत होते, दुसरं काही नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तात्यांनी विळी, अडकित्ता आणि आपला टाक यांच्या शेजारी ते रिकामं म्यान मांडलं. आजी म्हणाली, यात हत्यार कुठंय? तात्या म्हणाले, "जिच्यावर बाईनं दोन पोरं जगवली, ती सुई काय हत्यार नव्हे?" त्यांनी म्यानाला कुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी आपट्याचं एक पान आत घातलं. दर दसऱ्याला एक. तात्यांमागे चंद्रहासरावांनी. सत्तरच्या वर पानं झाली होती, तळाशी त्यांचा भुगा झाला होता, तरी कुणी कधी ती काढली नव्हती.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला अकरा भोकं होती, दोन ओळींत. वांडाबाई सुया तिथे खोचून ठेवायची. चंद्रहासरावांच्या लहानपणी तात्या झाकण दिव्यासमोर धरून त्यांना भोकं मोजायला लावायचे. ते अंक तिथेच शिकले.

ते उठून बैठकीत गेले. पिस्तूल आणि म्यान टेबलावर हिरव्या फ्लॅनेलवर मांडलेलं होतं. त्यांनी म्यान उचललं, आणि ते हाताला परकं लागलं. कातडं मऊ, चकचकीत, नवीन बुटासारखा वास. झाकणावरचा कुंकवाचा लालसर डाग, जो बहात्तर वर्षं एकावर एक बसत गेला होता, तो नव्हता. त्यांनी आत बोटं घातली. आत काही नव्हतं.

"स्वच्छ केलं मी," गंधार मागून म्हणाला. "खोगिराचा साबण असतो, त्याने. मग मेण. काय कळा आली बघा."

"पानं?"

"कसली?"

"आपट्याची. आत होती."

"अच्छा, तो कचरा. अहो, चिकटून बसला होता, चिमट्याने काढावा लागला. पिस्तूल आत बसेना त्याच्यामुळे."

चंद्रहासरावांनी झाकण उलटं करून खिडकीसमोर धरलं. भोकं दिसेनात. त्यांनी अंगठा फिरवला, तेव्हा कळलं. प्रत्येक भोक तपकिरी मेणाने बुजवलेलं होतं, नीट, निगुतीने, एकेक.

ओरडावं, टेबल उलटं करावं, निदान हातातलं पत्र तरी टराटरा फाडावं. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "मुक्ता कुठंय?"

कचरा टाकायचं काम मुक्ताचं, त्यांच्या सुनेचं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालावेत की नको या विचारात आभाळाकडे बघत उभी होती. त्यांनी विचारल्यावर तिचा चेहरा पडला.

"ती पानं मीच टाकली, बाबा. वर्तमानपत्रावर ढीग होता, गंधार म्हणाला कचरा. ब्राउन बिनमध्ये टाकली. थांबा, बिन सोमवारी जाते. अजून असतील."

ब्राउन बिन म्हणजे ओल्या कचऱ्याचा मोठा तपकिरी डबा. चंद्रहासरावांनी बाह्या वर सारल्या आणि झाकण उघडलं. वर कापलेलं गवत, त्याखाली चहाचा चोथा, कोबीचे दांडे, केळीच्या साली. ते वाकून हाताने उपसायला लागले. बारीक पाऊस होता. मनात एक वाक्य तयार होत होतं, गंधारला तोंडावर म्हणायचं वाक्य. आधी ते फार मोठं झालं, त्यात तात्या आले, सैबेरिया आला, संस्कार आले. मग त्यांनी सवयीने विशेषणं काढली. मग इतिहास काढला. मग प्रश्नचिन्हं काढली. हात कोपरापर्यंत चोथ्यात गेले तेव्हा चारच शब्द उरले होते.

मुक्ता हातमोजे घेऊन आली, त्यांनी घेतले नाहीत. मग ती ताट घेऊन शेजारी उभी राहिली. ओळखू येतील अशी सात पानं सापडली. दोन पाळ्यांची, जाळीदार, काही अर्धीच. बाकी सगळ्याची माती झाली होती.

"आमच्या घरीही पाटीपूजनाला असं करायचे, पुस्तकात पिंपळपान," मुक्ता म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

"तुला कोण सांगणार? मी तरी कुठे सांगितलं कुणाला." हे त्यांनी रागानेच म्हटलं, आणि तो राग नक्की कुणावर आहे हे त्यांचं त्यांना ठरवता येईना.

त्या दिवशी ते जेवायला खाली आले नाहीत. गंधारने दारावर टकटक करून विचारलं, "सही झाली?" आतून उत्तर आलं नाही. त्याने त्याचा अर्थ नेहमीप्रमाणे लावला असावा, कारण जिना उतरताना तो इथल्या बोलीत, 'ठीक' या अर्थाने, म्हणाला, "ग्रँड."

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या आधी चंद्रहासरावांनी मुक्ताकडून सुई मागून घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढली, म्यान मांडीवर घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून पहिल्या भोकातलं मेण टोकरायला सुरुवात केली. मेण घट्ट बसलं होतं. सुई जरा जोरात गेली तर कातडं फाटेल, म्हणून उजव्या हाताला त्यांनी डाव्या हाताचा आधार दिला. एकेका भोकाला पाच-सहा मिनिटं लागत होती. दहावं झालं तेव्हा गंधार खाली आला.

"काय करताय?"

त्यांनी सुई अकराव्या भोकात रुतवली.

"बाबा, ते मी मुद्दाम भरलंय. तो माणूस बॅटरी लावून बघतो सगळं. भोकं दिसली तर म्यानाची किंमत जाते. द्या इकडे."

त्याने हात पुढे केला. चंद्रहासरावांनी म्यान पोटाशी धरलं आणि सुई तशीच चिमटीत ठेवून वर पाहिलं. चार शब्द काल डब्यापाशी उरले होते, ते त्यांनी म्हटले.

"मी सही करणार नाही."

आवाज चिरका निघाला. गंधार हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. "बरं, नका करू. मी सांगतो, वडील आहेत, समोर बसलेत, विचारा त्यांना. तुम्ही नुसती मान हलवा. तेवढं तरी जमेल ना? त्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही."

तेवढ्यात बेल वाजली. अकराला अजून वीस मिनिटं होती.

लेशेक दारातच उभा राहिला, आत यायचं नव्हतंच. पन्नाशीचा, रुंद, मास्क लावलेला, पावसाने भिजलेला. सायकल फाटकाला टेकवलेली. घरापासून बरोबर साडेचार किलोमीटर भरतं, मोजून आलोय, असं तो इंग्रजीत म्हणाला. गंधारने पिस्तूल फ्लॅनेलसकट त्याच्या हातात दिलं. लेशेकने खिशातून छोटी बॅटरी काढली, गरुड पाहिला, आकडे पाहिले, नळीतली कांडी पाहिली. ग्रीस मुरलेली त्याची जाड बोटं त्या लोखंडावरून फार हलकी फिरत होती.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "म्यान?"

गंधारने मागे पाहिलं. चंद्रहासराव खुर्चीवरून उठून दाराशी आले आणि म्यान त्यांनी स्वतः पुढे केलं. दहा भोकं मोकळी झाली होती, अकराव्यात सुई तशीच अडकलेली होती. लेशेकने झाकण उघडलं आणि बॅटरी थबकली.

"हे काय?"

"कसर," गंधार पटकन म्हणाला. "इंडियन क्लायमेट, यू नो."

"सुया," चंद्रहासराव म्हणाले.

त्यांचं इंग्रजी छापखान्यातलं होतं, वाचलेलं, बोललेलं नव्हे. प्रत्येक वाक्याआधी ते थांबत होते आणि मनात कर्ता, क्रियापद लावून मगच तोंड उघडत होते. तरी त्यांनी सगळं सांगितलं. खुंटी, अर्धा तास, सैबेरिया, पाव, दोऱ्याची रिळं. गंधारने दोनदा "बाबा" म्हटलं, दुसऱ्यांदा दात आवळून. ते थांबले नाहीत. थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि हे पिस्तूल?" लेशेकने विचारलं.

"ते यात कधी नव्हतं. ते माझ्या मुलाने बेल्जियमहून मागवलं. जूनमध्ये."

लेशेक गंधारकडे वळला. "तू फोनवर म्हणालास, कॅप्टनचं. पत्राचा मसुदा पाठवलास."

"म्यान कॅप्टनचंच आहे," गंधार म्हणाला.

"मी पिस्तुलाबद्दल विचारतोय." मग तो चंद्रहासरावांना म्हणाला, "ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं नाही. तपासलं."

हे हसण्यासारखं होतं, पण लेशेक हसला नाही. "मग काल सांगायचं होतं. मी पावसात आलोय." त्याने पिस्तूल फ्लॅनेलमध्ये गुंडाळून गंधारच्या हातात परत दिलं. "पिस्तूल चांगलं असेल. पण म्यानाबद्दल जो खोटं बोलला, तो या आकड्यांबद्दल काय बोलला असेल, हे मी बॅटरीने कसं बघू?" म्यान मात्र त्याने लगेच सोडलं नाही. झाकण पुन्हा उघडून त्याने अकराव्या भोकातली सुई दोन बोटांत धरली, हळूच फिरवून मेणासकट बाहेर काढली आणि दोन्ही वस्तू म्हाताऱ्याच्या हातात ठेवल्या. मग सायकल घेऊन गेला.

दार बंद झालं. गंधारचा चेहरा पांढरा पडला होता.

"झालं समाधान? सोमवारपर्यंत सगळ्या ग्रुपवर माझं नाव जाईल. डब्लिनमध्ये आता मला कुणी बुटाची लेससुद्धा विकणार नाही."

"तू खोटं..."

"हो, मी खोटं बोललो. सातवीत मी खरं बोललो होतो. सरांच्या कपाटातलं घड्याळ मी घेतलं नव्हतं. सगळ्या वर्गासमोर मला चोर म्हणाले, तुम्हाला शाळेत बोलावलं, आणि तुम्ही काय म्हणालात? आठवतं?"

चंद्रहासरावांना आठवत होतं.

"'बघतो' म्हणालात. सरांना. माझ्यादेखत. तेव्हा वाचा बसली होती तुमची, ती आज फुटली. कुणासाठी? एका मेलेल्या बाईच्या सुयांसाठी. पोरासाठी नाही फुटली."

मुक्ता जिन्यापाशी उभी राहून म्हणाली, "गंधार, पुरे." पण तो बोलून चुकला होता.

चंद्रहासरावांना वाटलं, आपला राग आता ओसरेल, नेहमी ओसरतो तसा, आणि त्याच्या जागी ती जुनी ओळखीची शरम येईल. शरम आलीच. पण राग गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

"तेव्हा बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "ते माझं चुकलं. त्याची क्षमा मागतो. पण तू माझ्या बापाच्या तोंडी खोटं घातलंस, ते मी त्याच्या बदल्यात सोडणार नाही. हे वेगळं, ते वेगळं."

गंधार पिस्तूल घेऊन वर निघून गेला. वरचं दार आपटलं.

रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे सरकली, इथे तशी रीत होती. शुक्रवारी धुऊन कागदावर पसरलेली सात पानं आतापर्यंत वाळली होती. नवमीची पूजा काल राहून गेली होती म्हणून मुक्ताने ती आज दसऱ्याबरोबरच मांडली. पाटावर विळी नव्हती, मग चाकू, शिवणाची कात्री, तिचा लॅपटॉप, चंद्रहासरावांचं लाल पेन. मधोमध म्यान. त्यांनी करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू घेतलं आणि झाकणावर, जिथे डाग होता तिथेच, टेकवलं. मेण लावलेल्या कातड्यावर ते धरेना. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा थोडं धरलं. मग सातही पानं एकेक करून आत घातली, आणि वर कालची ती सुई.

"पिस्तूल आणू?" मुक्ताने खालच्या आवाजात विचारलं. "त्याच्या टेबलावरच आहे."

त्यांनी म्यानाचं झाकण मिटवलं. "आण. पिस्तुलाने काय केलंय? पण म्यानापासून लांब ठेव."

तिने आणलं, पाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. त्यांनी गरुडाशेजारी कुंकवाचं बोट टेकवलं. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा रिकामी राहिली.

जिन्यावर पावलं वाजली आणि मध्येच थांबली. गंधार तिथे उभा होता, स्वतःचा लॅपटॉप काखेत, पाय अनवाणी. मुक्ताने सासऱ्यांकडे पाहिलं. आयुष्यभर अशा वेळी पहिली हाक त्यांचीच गेली होती, चूक कुणाचीही असो. ती ओठांपर्यंत आलीही.

त्यांनी निरांजन लावलं, हातात घेतलं, आणि हाक मारली नाही. आरतीही सुरू केली नाही, ज्योत सांभाळत थांबले.